आईच्या दंडावरचा बिल्ला: १४ दिवसांचा शुगर सेन्सर, तीनदा लावून झाल्यावर

मागच्या मार्चपासून आईला तीन वेळा हा सेन्सर लावून झाला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण बाजारात असे दोन-चार मिळतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच थोड्याफार फरकाने लागू पडेल. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायचा पांढरा गोल, साधारण मोठ्या नाण्याएवढा, १४ दिवस तिथेच राहतो आणि मोबाईल जवळ नेला की शुगर दाखवतो, तो. आई त्याला पहिल्या दिवसापासून बिल्ला म्हणते, आता घरात सगळेच बिल्ला म्हणतात.

आधी परिस्थिती सांगते म्हणजे मी कशासाठी घेतला ते कळेल. आई ६७ वर्षांची, साताऱ्याला बाबांबरोबर असते, मी पुण्यात. डायबेटिस सतरा वर्षांपासून, इन्सुलिन नाही, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा गोळ्या. दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी) करायची, शेवटचं ६.८ आलं होतं, उपाशीपोटी ११० ते १२० च्या मधे, सगळे खूश. पण आईला रात्री मधेच जाग यायची, घाम आलेला असायचा, सकाळी डोकं जड. दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी त्याला वय म्हणून सोडून दिलं. आईनेही. "अगं आता झोप कुठली लागतीय या वयात" हे तिचं ठरलेलं वाक्य. मी ते ऐकून घेत राहिले याचं मला अजून वाईट वाटतं.

आता हे यंत्र काय करतं ते थोडं सविस्तर लिहिते कारण दुकानात कोणी नीट सांगत नाही. लावताना एक सुई आत जाते आणि लगेच बाहेर येते, आत राहतो तो फक्त एक केसासारखा लवचिक तंतू, जेमतेम ५ मिलिमीटर. त्याच्या टोकावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, ते ग्लुकोजबरोबर क्रिया करतं आणि त्यातून अगदी बारीक विजेचा प्रवाह तयार होतो, जितकं ग्लुकोज जास्त तितका प्रवाह जास्त. ही कल्पना काही नवीन नाही, एन्झाइमवाल्या इलेक्ट्रोडची मांडणी अमेरिकन शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांनी १९६२ सालीच केली होती. अमेरिकेत १९९९ ला असा पहिला सेन्सर मंजूर झाला तेव्हा तो फक्त तीन दिवस चालायचा आणि आकडे पेशंटला दिसायचेच नाहीत, डॉक्टरकडे जाऊन उतरवून घ्यावे लागायचे. तिथून आज आई स्वतः स्वयंपाकघरात उभी राहून बघते इथपर्यंत आलंय.

मोबाईल टेकवून स्कॅन करायचं तंत्र म्हणजे एनएफसी, १३.५६ मेगाहर्ट्झ. मेट्रोच्या गेटवर आपण कार्ड टेकवतो ना, तीच फ्रिक्वेन्सी. बिल्ल्याच्या आत तारेच्या वेटोळ्यासारखा चपटा अँटेना असतो आणि मोबाईलच्या पाठीतही तसाच एक असतो, दोन्ही एकमेकांसमोर तीन-चार सेंटिमीटरच्या आत आले की बोलणं होतं, नाहीतर नाही. हे मी का सांगतेय तर पहिले दोन दिवस बाबा मोबाईलचा खालचा भाग दंडाला लावून बसायचे आणि "लागतच नाही गं हे" असा मला फोन. बऱ्याच मोबाईलमधे तो अँटेना पाठीमागे वरच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या आसपास असतो. मी मोबाईलच्या कव्हरवर त्या जागी लाल टिकली चिकटवून दिली, त्यानंतर एकदाही फोन आला नाही. आणि मोबाईल घ्यायच्या आधी त्यात एनएफसी आहे का ते बघा, स्वस्तातल्या पुष्कळ मोबाईलमधे नसतो. आईच्या मोबाईलमधे नव्हता म्हणून बाबांचा वापरला.

आमचा पहिला बिल्ला स्कॅनचाच होता, अलार्म नाही काही नाही. पण त्याच्या पोटात आठ तासांची स्मरणशक्ती असते, म्हणजे रात्री दहाला स्कॅन करून झोपलं आणि सकाळी सहाच्या आत परत केलं की रात्रभराचा आलेख आयता मिळतो. आठ तासांच्या वर गेलं की मागचं पुसलं जातं. ही एक गोष्ट पाळली तर साधा स्कॅनचा बिल्लासुद्धा पैसे वसूल आहे, माझं तर म्हणणं आहे की हा बिल्ला घ्यायचाच तो रात्रीसाठी. दिवसा बोट टोचून चार आकडे कोणीही काढतं, पहाटे तीनला कोण काढतंय.

आता पहिली रात्र. सकाळी बाबांनी स्कॅन केलं, मला फोटो पाठवला, पहाटे तीनच्या सुमारास आलेख खाली उतरून ५५ च्या आसपास गेलेला. ७० च्या खाली म्हणजे कमी आणि ५४ च्या खाली म्हणजे गंभीर एवढं मी वाचलेलं होतं, मी ऑफिसला जायच्या ऐवजी थेट स्वारगेटला जाऊन एसटी पकडली. दुसऱ्या रात्री आम्ही तीनचा गजर लावला. बिल्ला म्हणतोय ६१, आणि आई मात्र शांत झोपलेली, घाम नाही. बोट टोचलं तर १०२. परत टोचलं, ९९. मग माझं लक्ष गेलं की आई डाव्या कुशीवर झोपलीय आणि बिल्लाही डाव्याच दंडावर. तिला उजव्या कुशीवर वळवलं आणि वीस मिनिटांनी स्कॅन केलं तर ९४.

हे लक्षात ठेवा, याला दाबामुळे दिसणारी खोटी घट म्हणता येईल. बिल्ला रक्तातली शुगर मोजतच नाही, तो कातडीखालच्या पेशींच्या मधल्या द्रवातली मोजतो. त्या जागेवर अंगाचा भार पडला की तिथला रक्तपुरवठा आणि द्रव दबतो, ताजं ग्लुकोज तिथे येत नाही, आणि यंत्राला वाटतं शुगर घसरली. यंत्र बिघडलेलं नाही, ते जिथे आहे तिथलं खरंच सांगतंय, फक्त बाकी शरीराची ती अवस्था नसते. त्याच कारणाने शुगर भराभर वर किंवा खाली जात असेल तेव्हाही बिल्ला रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे चालतो, कधी थोडा जास्तही. म्हणून नुसता आकडा बघू नका, शेजारी बाण असतो तो बघा. ११० आणि बाण सरळ खाली याचा अर्थ ८५ आणि बाण आडवा यापेक्षा जास्त काळजीचा आहे. बाबांना हे समजायला चार दिवस लागले पण एकदा समजल्यावर ते आकडा सांगायच्या आधी बाण सांगायला लागले.

तर झालं काय की दुसऱ्या रात्रीनंतर आम्ही सगळे निर्धास्त झालो. रात्रीचं खोटं असतं हा निष्कर्ष काढून मी पुण्याला परत आले. आणि इथे आम्ही चुकलो असतो. सहाव्या दिवशी सकाळी फोटो आला, अडीच ते चार परत खाली. मी म्हटलं कुशीवर झोपली असेल. आई म्हणाली, "नाही गं, मी उजवीकडे तोंड करून झोपले होते, बाबांना विचार, मला घाम पण आलेला." सातव्या रात्री बाबांनी परत गजर लावला. बिल्ला ५८, बोट टोचून ६४. आईचा गाऊन पाठीला चिकटलेला, हात थरथरत होते. बाबांनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी परत टोचलं, ८८. मी फोनवर होते सगळा वेळ. दोन वर्षं जिला आम्ही म्हातारपणाची झोप म्हणत होतो ती ही होती.

डॉक्टरांना आलेख दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, जेवता किती वाजता. आई गेली दोन वर्षं संध्याकाळी साडेसहाला जेवत होती, लवकर जेवलेलं चांगलं असं तिने ऐकलेलं, आणि ग्लिमेपिराइडची रात्रीची गोळी पूर्वीसारखीच चालू. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो नसो. साडेसहाचं जेवण पहाटेपर्यंत कुठे पुरणार. डॉक्टरांनी रात्रीची गोळी काढली आणि सकाळच्या औषधात बदल केला. (कृपा करून हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळ्या काढू नका, प्रत्येकाचं वेगळं असतं, आलेख घेऊन डॉक्टरांकडेच जा.) त्यानंतरच्या चार रात्री आलेख ९० च्या खाली आला नाही. आई सलग सहा तास झोपली हे ती मला फोन करून सांगत होती, एखाद्या लहान मुलीला बक्षीस मिळाल्यासारखी.

आणि ६.८ चं काय? ते एचबीएवनसी खोटं नव्हतंच. पण ती दोन-तीन महिन्यांची सरासरी, दुपारचं २४० आणि पहाटेचं ५८ मिळून सरासरी छानच येते. हल्ली डॉक्टर त्याच्या जोडीला टाइम इन रेंज बघतात, म्हणजे दिवसातला किती वेळ शुगर ७० ते १८० च्या मधे राहिली. साधारणपणे ७० टक्क्यांच्या वर असावी असं धरतात, आणि ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांपेक्षा कमी. वयस्कर आणि नाजूक तब्येतीच्या माणसांना वरची सूट जास्त देतात पण खालची अजिबात नाही, त्यांच्यासाठी खालचा वेळ १ टक्क्याच्याही आत हवा, कारण पहाटे चक्कर येऊन पडलं तर खुब्याचं हाड मोडतं. आईचा पहिल्या आठवड्यातला खालचा वेळ ७ टक्के होता.

आता जेवणाबद्दल, कारण ओळखीचे सगळे हेच विचारतात. हे आकडे एकट्या आईचे आहेत, तुमच्याकडे वेगळे येतील, म्हणूनच तर लावून बघायचं. मार्चच्या त्या चौदा दिवसांत एकादशी पण आली आणि होळी पण. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट घालून, एक वाटीच, आणि दीड तासाने २४६, तेवढी तर होळीच्या पुरणपोळीनेही गेली नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपण पोटासाठी म्हणतो, ती शुगरलाही लागू आहे हे आईने स्वतः डोळ्यांनी बघितलं. मी दहा वर्षं सांगत होते, उपयोग शून्य. पुढच्या एकादशीला तिने आपणहून राजगिऱ्याची एक भाकरी आणि काकडीची कोशिंबीर केली. पुरणपोळीला २१० पर्यंत गेली पण ती तूप घालून, कटाच्या आमटीबरोबर, आणि नंतर बाबांबरोबर अर्धा तास चालून आली होती.

चालण्याचं तर मला सगळ्यात आश्चर्य वाटलं. तेच कांदेपोहे, तीच प्लेट, एक दिवस खाऊन पेपर वाचत बसली तर २१८, दुसऱ्या दिवशी खाऊन लगेच वीस मिनिटं गल्लीत फेऱ्या मारल्या तर १७२. त्यानंतर तिला कोणी सांगावं लागत नाही, ताट उचललं की चप्पल घालते. ज्वारीच्या भाकरीने शुगर वाढत नाही असं आमच्याकडे सगळे मानायचे, तेही तपासलं, वाढते, पण हळूहळू वाढते आणि दोन भाकऱ्यांच्या ऐवजी एक आणि भाजी जास्त केली की १६० च्या वर जात नाही. चहाबरोबरची खारी मात्र आईने सोडली, ती दोन खारींना ३० ते ४० ने वर जाते हे बघून. कोणी हे वाचून लगेच पोहे बंद करू नका. आईचे पोहे बंद झालेले नाहीत, त्यात मटार-गाजर वाढलं आणि नंतरच्या फेऱ्या वाढल्या.

दुसरा बिल्ला मे महिन्यात घेतला, तो ब्लूटूथवाला, दर मिनिटाला आपणहून मोबाईलला आकडा पाठवतो आणि शुगर ठराविक आकड्याच्या खाली गेली की अलार्म वाजवतो. ऐकायला फारच छान. वापरताना तीन गोष्टी कळल्या. एक म्हणजे ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झवर आणि आपलं शरीर बहुतांशी पाणी आहे, या लहरी पाण्यात फार शोषल्या जातात. मोबाईल खोलीच्या दुसऱ्या टोकाला असला तरी चालायचा, पण आई बिल्ल्यावर कुशी करून झोपली आणि मोबाईल पाठीमागच्या टेबलावर असला की सिग्नल जायचा. म्हणजे बिल्ल्याच्या कुशीवर झोपलं की एक तर आकडा खोटा नाहीतर आकडाच नाही. उपाय साधा, बिल्ला त्या दंडावर लावा ज्या कुशीवर माणूस झोपत नाही, आणि मोबाईल उशाशी त्याच बाजूला ठेवा. हे लावायच्या आधी विचारायला हवं होतं, आम्हाला कोणीच विचारलं नाही.

दुसरं, मोबाईलची बॅटरी वाचवणारी सेटिंग अॅपला रात्री झोपवून टाकते. अलार्म वाजायचा तर त्या अॅपला बॅटरी सेव्हरमधून बाहेर काढा, नोटिफिकेशनची परवानगी द्या, सायलेंटवर असतानाही वाजेल अशी सोय असेल तर ती चालू करा, आणि मग एकदा दिवसा खालची मर्यादा मुद्दाम वर नेऊन खरंच वाजतोय का ते बघा. आमचा पहिल्या दोन रात्री वाजलाच नव्हता. त्या रात्री शुगर चांगली होती हे नशीब. आणि आमच्या अॅपमधे मराठी नव्हतं, सगळं इंग्रजीत, बाबांना मी वहीत चित्रं काढून दिली, बाण असा असेल तर काय, तसा असेल तर काय. साठीच्या पुढची माणसं हेच तर मुख्य गिऱ्हाईक आहे, त्यांच्या भाषेत चार ओळी लिहायला काय हरकत आहे हे मला खरंच कळत नाही.

तिसरी गोष्ट यंत्राची नाही. या अॅपमधे आईची शुगर माझ्या मोबाईलवर पुण्यात दिसायची सोय आहे. मी अर्थातच चालू केली. पहिल्या आठवड्यात मी मीटिंगमधे असतानाही बघत होते. अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी दुपारी २२० दिसली, मी लगेच फोन, आंबा किती खाल्लास. पलीकडे शांतता. मग आई म्हणाली, "अगं तू तिथून माझ्या ताटात बघतेस, मला घास गिळवेना." तिने अर्धा हापूस खाल्ला होता, नातवाने हातात दिलेला. मला फार लागलं ते. त्या दिवशी आम्ही ठरवलं की मला फक्त ७० च्या खालचा अलार्म येणार, वरचं काहीही दिसलं तरी मी फोन करायचा नाही, महिन्याच्या शेवटी दोघींनी बसून आलेख बघायचा. तेव्हापासून बरं चाललंय. तुमच्या घरी हे लावणार असाल तर कोणाला काय दिसणार हे आधी ज्याच्या दंडावर लावताय त्याला विचारून ठरवा. शुगर त्याची आहे.

टिकण्याबद्दल. मार्चचा पूर्ण १४ दिवस टिकला, मे मधला सहाव्या दिवशी निघाला. कारण घाम, आणि ब्लाउजची बाही. कंपन्यांच्या चित्रांत सगळे बिनबाह्यांचे टीशर्ट घालून पळत असतात, आपल्या आयांचं काय? ब्लाउजची घट्ट बाही नेमकी जिथे बिल्ला असतो तिथेच संपते, चढवताना-उतरवताना दर वेळी घासते. आता आईने दोन ब्लाउज सैल बाहीचे शिवून घेतले आणि आधी बिल्ल्याच्या हाताची बाही घालायची, काढताना शेवटी काढायची. लावताना जागा साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून, पूर्ण कोरडी झाल्यावरच लावा. आई शनिवारी तेल लावून न्हाते, तर त्या दंडाला तेल नाही, नाहीतर गोंद सुटतो. बादलीची आंघोळ, पाऊस याने काही होत नाही. वरून मायक्रोपोर चिकटपट्टी लावायची तर कडेने लावा, मधे बारीक छिद्र असतं ते झाकू नका. काहींना गोंदाची अॅलर्जी येते, काही सेन्सरच्या गोंदात सापडलेलं आयसोबॉर्निल अॅक्रिलेट नावाचं द्रव्य त्याला कारण असतं, आईला नुसती किंचित खाज आली पण पुरळ उठलं, पाणी सुटलं तर काढून टाकायचा, सहन करत बसायचं नाही.

निघालेला बदलून मिळाला पण सहज नाही. चार फोन, फोटो, डब्यावरचा नंबर, खरेदीची पावती, मग अकरा दिवसांनी नवीन आला. डबा आणि पावती टाकून देऊ नका, आम्ही डबा जवळजवळ टाकलाच होता. तो बदलून आलेला म्हणजे आमचा तिसरा, आणि तो नवव्या दिवशी आम्हीच काढला कारण आईच्या गुडघ्याचा एमआरआय निघाला. एमआरआयसाठी आम्हाला हा काढावा लागला आणि एकदा काढला की परत लावता येत नाही. त्यामुळे पुढच्या पंधरा दिवसांत कुठली तपासणी आहे का ते बघूनच लावा. अजून एक, व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या चालू असतील, म्हणजे दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या वर, तर काही सेन्सर शुगर खोटी जास्त दाखवतात, डब्यातल्या कागदावर ते बारीक अक्षरात असतं. आणि पहिला दिवस आकड्यांवर फार विसंबू नका, तंतू आत बसायला वेळ लागतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी वीस-पंचवीसचा फरक होता, दुसऱ्या दिवसापासून दहा-बाराचा.

पैसे. मला एक साधारण पाच हजारांना पडला. महिन्याला दोन म्हणजे दहा हजार, पेन्शनवरच्या घराला हे झेपणारं नाही आणि गोळ्यांवर असलेल्या बहुतेकांना कायम लावायची गरजही नाही असं मला तरी वाटतं. वर्षातून दोनदा, औषध बदललं की एकदा, आणि रात्री घाम, सकाळी डोकं जड असं काही असेल तर ताबडतोब एकदा. टाइप वन डायबेटिस असलेली लहान मुलं आणि दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेणारे यांची गोष्ट पूर्ण वेगळी, त्यांना हा कायम हवा, आणि त्यांच्यासाठी तो स्वस्त कधी होणार हा प्रश्न मला फार छळतो. माझ्या मैत्रिणीचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ती महिन्यातले चौदा दिवस बिल्ला आणि उरलेले दिवस बोट टोचून काढते, रात्री दोनला उठून.

आणि या किमतीमुळेच लोक फसतात. ऑनलाइन दोन-अडीच हजारांत घड्याळं, अंगठ्या विकायला आहेत, सुई नाही, रक्त नाही, मनगटावर शुगर. माझ्या काकांनी घेतलं तसलं घड्याळ. आईच्या बिल्ल्याबरोबर आणि बोट टोचून ताडून बघितलं, जेवणाआधी जेवणानंतर त्या घड्याळात १०० ते ११५ च्या बाहेर काही येतच नव्हतं. सुई न टोचता स्वतःहून शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मंजुरी दिलेली नाही असं औषधं आणि वैद्यकीय यंत्रं मंजूर करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मधे जाहीर इशारा देऊन सांगितलं होतं. सेन्सरचा आकडा घड्याळावर दिसणं ही वेगळी गोष्ट, ते चालतं. पण नुसतं घड्याळ मोजतंय म्हणत असेल तर त्यावर गोळी कमीजास्त करणं जिवावर बेतेल. कृपया घेऊ नका, कोणी घेत असेल तर अडवा.

दुसऱ्या टोकाला पूर्ण कातडीखाली बसवायचा प्रकार आहे, एव्हरसेन्स म्हणून. डॉक्टर छोटीशी चीर देऊन दंडात बारीक कॅप्सूल ठेवतात, तिच्यात ग्लुकोज आलं की उजळणारं द्रव्य असतं आणि स्वतःची बॅटरी नसते, वरून कातडीवर लावलेला ट्रान्समीटरच तिला बिनतारी वीज देतो आणि तिचे आकडे वाचून मोबाईलला पाठवतो. अमेरिकेत २०१८ ला आला तेव्हा ९० दिवसांचा होता, २०२४ मधे ३६५ दिवसांचा मंजूर झाला. आईला दाखवलं तर म्हणाली, "नको बाई, हा आपला चिकटवायचाच बरा, नको वाटला की काढता येतो." मला ते पटलं. अंगावर काय बाळगायचं ते काढून टाकायची मुभा आपल्या हातात असणं हे तिच्यासाठी अचूकपणाइतकंच महत्त्वाचं आहे.

बोट टोचायचं यंत्र मात्र फेकू नका. बिल्ला काही सांगतोय आणि अंगाला वेगळंच वाटतंय, तर बोट टोचा आणि त्यावर विश्वास ठेवा. आमच्याकडे उशाशी आता मोबाईल, टोचायचं यंत्र आणि साखरेची छोटी डबी असते, डबीवर बाबांनी "फक्त रात्री" असं लिहून ठेवलंय.

पुढचा बिल्ला गौरी-गणपतीच्या आधी दोन दिवस लावायचा ठरलाय, पहिल्या दिवसाचे आकडे पक्के नसतात ते मोदकांच्या आधी निघून जावेत म्हणून. यावेळी उजव्या दंडावर, कारण आई डाव्या कुशीवर झोपते. सैल बाहीचा तिसरा ब्लाउज शिंप्याकडे टाकलाय, मोतिया रंगाचा, तिने स्वतः निवडलेला.